चाळीस मिनिटं पाणी

मल्लेशम येमूलची आठ गाणी
दस्तगीरनं पेन ड्राइव्हवर आणून दिली
तेव्हा मी टॉवेलांना कड मारत होते.
म्हणाला, ऐक, पण मशीन बंद करून.
कोण बंद करतंय? डझनावर पैसे मिळतात.
दुसऱ्या गाण्याला हसले
नि सुई अंगठ्यात.
म्हणजे हे कौतुक
थोडं रक्त सांडून केलेलं आहे, तसंच वाचा.

रेकॉर्डिंग त्याच्याच खोलीत, अशोक चौकाच्या मागं.
आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी,
सेकंडचा माल, एका मोराला पाय तीन.
शेजारचा यंत्रमाग मात्र बंद झाला नाही.
पहिल्या गाण्याच्या आधीच मल्लेशम सांगतो,
"त्याला कशाला गप करू बे,
माझ्या जन्माआधीपासून ताल धरून बसलाय."
आणि दस्तगीरची ढोलकी
खरंच त्या खटखटीच्या मागून निघते,
धाकट्यानं थोरल्याचा शर्ट घालावा तशी.

दुसरं नळाचं. अंगठा घेतला ते.
नळ म्हणजे जावई.
पाचव्या दिवशी येतो, तेही रात्री दोनला,
घागरी, हंडे, पिंप सगळे दारात उभे,
हा आधी खाकरतो, मग वारा सोडतो,
मग मान राखल्यासारखा चाळीस मिनिटं बसतो
आणि जाताना कुणालाच सांगत नाही.
ह्यात एक अक्षर खोटं नाही
म्हणून तर हसू थांबत नाही.

तिसऱ्यात त्याची आई तेलुगूत पैसे मोजते,
सासू कन्नडमध्ये उद्धार करते,
किराणावाला मराठीत उधारी विचारतो.
हा तिघांना एका दमात उत्तर देतो,
व्याकरण तिन्हींचं मोडतो, यमक एकही नाही.
शेवटी बायकोला विचारतो,
मी घोरतो कुठल्या भाषेत?
निंगम्मा म्हणते, सपाट, झोपेतल्या आवाजात,
"मालकाच्या."

पाचवं मला आवडलं नाही.
कडक भाकरीवर सात कडवी.
शेंगाचटणीला तेल सुटेस्तोवर कुटावं लागतं,
विनोदाला नाही, हे त्याला कुणीतरी सांगा.
मी सांगितलंय.
"पुढच्या वेळी मऊ करतो," म्हणाला.

सातवं मात्र.
सातव्यात तो विचारतो,
टॉवेल परदेशी गेला, गोऱ्यांच्या पाठी पुसल्या,
ज्या बाईनं त्याची कड मारली
तिची कड कोण घेणार?
एवढंच. तेच पुन्हा पुन्हा,
ढोलकी नाही.
बावीस वर्षं कड मारतेय,
हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात,
आणि त्याच्या पोटात दुसरा एक
घडी घालून ठेवलाय
हे मला कळलं नव्हतं.
मशीन तेव्हा मी बंद केलं.
सुपरवायझर मडिवाळ आला, का थांबली विचारायला.
म्हटलं, दोरा तुटला.

आठवं अर्धंच आहे.
वडिलांच्या गिरणीचा भोंगा तो तोंडानं काढतो,
लांब, श्वास संपेपर्यंत,
पुढं काहीतरी गाणार, तेवढ्यात बाहेरून एक बाई ओरडते,
"पाणी आलं!"
मग पावलं, कळशीवर कळशी,
ढोलकी कलंडल्याचा आवाज,
निंगम्माची हाक, आणखी एक हाक,
आणि बराच वेळ नुसता यंत्रमाग.
दस्तगीरनं ते कापलं नाही.
विचारलं तर म्हणतो, कापणार कोण?
मीपण पाण्यालाच गेलो होतो.

परवा रात्री दोन वाजता
आमच्या नळानं घसा खाकरला.
हंडा लावला, पदर डोक्यावर घेतला,
म्हटलं, या जावईबापू.
शेजारची रेणव्वा,
जिच्याशी दिवाळीपासून माझं बोलणं नाही,
अंधारात फिसकन हसली.